जर्नल कोणी लिहिले, हे आपण कधी विचारत होतो?

2024 च्या दिवाळीनंतर सुरू झालेल्या सत्रात द्वितीय वर्ष कला शाखेच्या अर्थशास्त्राच्या वर्गाला मी घरून लिहून आणायचे एक काम दिले होते. विषय होता, सोयाबीनचा हमीभाव आणि आपल्या बाजार समितीत प्रत्यक्ष मिळणारा भाव यांतील तफावत. टंकलिखित मजकूर घेतला तर तो चॅटजीपीटीसारख्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून जसाच्या तसा येईल, या भीतीने मी हस्तलिखिताचाच आग्रह धरला. 86 जणांची सबमिशन आली. त्यांतील एकाने फुलस्केप कागदावर समास आखून, निळ्या शाईत, अतिशय सुवाच्य अक्षरात पहिली ओळ लिहिली होती, “नक्कीच! खाली तुमच्या विषयावर मुद्देसूद माहिती दिली आहे.” आणि शेवटी त्याने मलाच विचारले होते, की हे उत्तर आणखी सोप्या भाषेत हवे आहे का.

तो कागद दिवसभर स्टाफरूममध्ये फिरला. सगळे हसले, मीही हसले. संध्याकाळी घरी गुण भरायला बसले तेव्हा मात्र हात थांबला. पहिली आणि शेवटची ओळ गाळण्याइतकी काळजी ज्यांनी घेतली होती, त्या उरलेल्या 85 जणांबद्दल मला काय ठाऊक होते? एकाच्या बावळटपणामुळे तो उघडा पडला होता आणि बाकीच्यांना मी 10 पैकी 6 ते 9 असे गुण वाटले होते. ते अंतर्गत मूल्यमापनाच्या रकान्यातून थेट गुणपत्रिकेत जाणार होते, आणि त्यांवर सही माझी असणार होती.

त्यानंतरच्या वर्षभरात या प्रश्नावर मी जे वाचले, जे करून पाहिले आणि जिथे चुकले, ते येथे लिहून ठेवत आहे. परिपत्रकांत आणि कार्यशाळांत हा विषय बहुधा तराजूच्या दोन पारड्यांसारखा मांडला जातो. एका पारड्यात सुरक्षित मूल्यमापन, म्हणजे ज्याच्या नावावर गुण पडले त्यानेच ते काम केले याची खात्री. दुसऱ्यात समावेशक मूल्यमापन, म्हणजे विषयाशी संबंध नसलेल्या कारणाने कोणीही मागे पडणार नाही याची खात्री. आणि एक पारडे जड झाले की दुसरे उचलले जाणार, हे गृहीतच. मलाही आधी असेच वाटत होते. आता असे वाटते, की या दोन्ही खात्र्या एकाच गोष्टीची चौकशी करतात : हा गुण त्या विद्यार्थ्याला काय येते, याबद्दल खरे बोलतो का? यंत्राकडून लिहून आणलेल्या निबंधाचे 9 गुण जितके खोटे, तितकेच, उत्तर येत असूनही सांगण्याची सोय नसल्यामुळे मिळालेले 3 गुणही खोटे.

सहकाऱ्यांनी पहिला उपाय सुचवला तो यंत्रलिखित मजकूर ओळखणाऱ्या साधनांचा. चोर पकडायला चोराचाच भाऊ, अशी ही कल्पना. चॅटजीपीटी 30 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वांसाठी खुले झाले आणि दोनच महिन्यांत, जानेवारी 2023 च्या अखेरीस, ते बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःच असे एक साधन उपलब्ध करून दिले. कंपनीच्याच चाचणीत ते यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी 26 टक्के मजकूर ओळखत होते आणि माणसाने लिहिलेल्या मजकुरापैकी 9 टक्के मजकुरावर खोटा आळ घेत होते. अचूकता कमी असल्याचे सांगून जुलै 2023 मध्ये ते मागे घेण्यात आले. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले 91 निबंध अशा सात साधनांना दिले. सरासरी 61 टक्के निबंध यंत्राने लिहिलेले ठरले, तर अमेरिकी शाळकरी मुलांच्या निबंधांबाबत मात्र ही साधने जवळजवळ चुकली नाहीत. कारण समजायला अवघड नाही. पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो यावर ही साधने बराच भर देतात, आणि ज्याच्याजवळ परक्या भाषेतले मोजकेच शब्द आहेत त्याचे लेखन सहज ओळखता येण्याजोगेच असते.

हे वाचण्याआधी मी एक चूक करून बसले होते. मराठी माध्यमातून आलेल्या एका मुलीने सराव व्हावा म्हणून हौसेने इंग्रजीत लिहिले होते. साधनाने तिचा जवळजवळ सगळा मजकूर लाल केला आणि मी तिला केबिनमध्ये बोलावून घेतले. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी एक जुनी वही घेऊन आली. “मॅडम, ही वाक्यं मी अकरावीपासून पाठ केली आहेत.” खरोखरच तिच्या निबंधातील निम्मी वाक्ये त्या वहीत होती, फक्त नामे बदललेली. तिच्यावर आळ आला तो तिने कष्टाने मिळवलेल्या तुटपुंज्या इंग्रजीमुळे. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट 2023 मध्ये असे साधन बंद केले तेव्हा मांडलेला हिशेब साधा होता : 2022 मध्ये त्यांच्याकडे तपासणीसाठी 75,000 लेख आले होते, चुकीचे प्रमाण साधन बनवणारी कंपनी म्हणते तसे अवघे 1 टक्का धरले, तरी सुमारे 750 लेखांवर खोटा आळ आला असता. आपल्याकडेही 2024 मध्ये हरियाणातील एका खासगी विद्यापीठाच्या विधी शाखेतील विद्यार्थी, उत्तरे यंत्राने लिहिल्याचा ठपका ठेवून नापास केले म्हणून पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात गेला. विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केल्याचे सांगितल्यावर याचिका निकाली निघाली. आळ घेणाऱ्याकडे पुरावा कोणता, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

आणि अनुभवी शिक्षकाची नजर? तिच्यावरचा माझा विश्वासही डळमळला आहे. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मानसशास्त्राच्या घरून द्यायच्या ऑनलाइन परीक्षेत 33 बनावट विद्यार्थ्यांच्या नावाने यंत्रलिखित उत्तरे घुसवली. परीक्षकांना त्यांतील 94 टक्के उत्तरांचा संशयही आला नाही आणि त्या उत्तरांना खऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा सरासरीने अधिक गुण मिळाले.

मग स्वाभाविकपणे दुसरा उपाय पुढे येतो : सगळे बंद करा, वर्गात बसवा, मोबाईल बाहेर ठेवा आणि लिहून घ्या. यात तथ्य आहे. पण आपली लेखी परीक्षा कशाची खात्री देते, हेही एकदा पाहायला हवे. दोन तासांत पुरवणी जोडण्याइतके लिहिणारा हात आणि ‘अपेक्षित प्रश्नसंचा’तली उत्तरे धरून ठेवणारी स्मरणशक्ती यांची ती उत्तम परीक्षा आहे. माझ्या वर्गातील एक अंध विद्यार्थी लेखनिकाच्या मदतीने पेपर देतो. केंद्र शासनाच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्याला दर तासाला किमान 20 मिनिटे, म्हणजे दोन तासांच्या पेपरला 40 मिनिटे जादा मिळतात. त्याच सूचनांत अशीही अट होती, की विद्यार्थ्याने स्वतः लेखनिक आणला तर त्याचे शिक्षण विद्यार्थ्यापेक्षा एक पायरी कमी असावे. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही अट समजण्यासारखी होती, कारण लेखनिकच उत्तर सांगू लागला तर परीक्षा कोणाची? परंतु तिची किंमत कोण मोजते ते पाहा. बहुतेक वेळा अकरावी-बारावीचा मुलगा मिळतो, त्याने ‘मागणी वक्र’ हा शब्दही ऐकलेला नसतो, आणि माझा विद्यार्थी त्याला “उभ्या अक्षावर किंमत घे, आता डावीकडून उजवीकडे खाली उतरती रेघ काढ” असे सांगत आकृती काढून घेतो. आकृती चुकते, गुण जातात. दृष्टीवर अवलंबून असलेल्या प्रश्नांना शक्य तेथे पर्यायी प्रश्न द्यावेत असे त्या सूचना सांगतात. प्रश्नपत्रिका काढताना ते लक्षात ठेवणारे प्राध्यापक मला फारसे भेटलेले नाहीत, आणि मीही कित्येक वर्षे ते लक्षात ठेवले नव्हते.

याच संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी 2021 मधील विकाश कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग हा निकाल मला महत्त्वाचा वाटतो. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या उमेदवाराला, त्याचे अपंगत्व 40 टक्क्यांच्या निकषात बसत नाही म्हणून, लेखनिक नाकारण्यात आला होता. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचा आधार घेऊन न्यायालयाने तो नकार चुकीचा ठरवला, आणि पुढे ऑगस्ट 2022 मध्ये अशा उमेदवारांसाठी स्वतंत्र सूचना निघाल्या. निकालातील मला थांबवणारा भाग आहे तो गैरवापराविषयीचा : सवलतीचा कोणी गैरफायदा घेईल या संशयावरून ज्याला तिची खरी गरज आहे त्याला ती नाकारता येत नाही, असा त्याचा आशय आहे. लेखनिकाबद्दलचा तो संशय आणि कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दलचा आजचा संशय यांचा सूर मला सारखाच ऐकू येतो. माझा हाच अंध विद्यार्थी घरी बाजार समितीच्या फलकाचा फोटो काढून मोबाईलमधील सहायकाकडून आकडे वाचून घेतो. डोळसाने चष्मा लावावा तसे ते आहे. ‘यंत्राचा कोणताही वापर म्हणजे कॉपी’ असे मी अभ्यासक्रमाच्या पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिले, तर सर्वांत आधी तो गुन्हेगार ठरतो.

मी तिसरा मार्ग धरला, तोंडी परीक्षेचा. प्रत्येकाने आपले सबमिशन घेऊन यायचे आणि त्यावरच्या माझ्या प्रश्नांना पाच मिनिटे उत्तरे द्यायची. 86 जणांची 430 मिनिटे, म्हणजे सात तासांहून अधिक. तासिका सांभाळून ते चार दिवसांत विभागले. पहिल्या दोन दिवसांत मला विजयच झाल्यासारखे वाटले. देखण्या अक्षरात चार पाने लिहिणाऱ्यांना आडत (अडत्याचे कमिशन) म्हणजे काय हे सांगता येईना, आणि वेड्यावाकड्या अक्षरातली दीड पाने आणलेल्या एका मुलीने तोलाई-हमालीचा हिशेब बोटांवर करून दाखवला, कारण तिचे वडील हमाल होते.

तिसऱ्या दिवशी एक मुलगा आला. तो बोलताना अडखळतो हे मला माहीत होते, पण वर्गात तो कधी बोलतच नसल्याने किती अडखळतो हे माहीत नव्हते. 4,892 रुपये हमीभाव असताना समितीत त्याहून कमी भाव का मिळतो, असे मी विचारले. पाच मिनिटांत दोन वाक्ये पूर्ण झाली. बाहेर रांग होती. मी 10 पैकी 3 लिहिले आणि पुढच्याला हाक मारली. संध्याकाळी शिपायाने एक चिठ्ठी आणून दिली : “मॅडम, मला उत्तर येत होते. वेळ पाहिजे होता.”

दुसऱ्या दिवशी मी त्याला माझ्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसवले, मोबाईल काढून घेतला, तोच प्रश्न कागदावर लिहून दिला आणि मी माझे काम करत राहिले. वीस मिनिटांत त्याने दोन पाने भरली. ओलावा 12 टक्क्यांहून अधिक असल्यामुळे हमीभाव खरेदी केंद्रावर माल परत कसा पाठवतात, म्हणून शेतकरी तोच माल व्यापाऱ्याला कसा घालतो, त्या हंगामात केंद्राने ही मर्यादा 15 टक्क्यांपर्यंत वाढवली तोवर गरजू शेतकऱ्यांनी माल विकून टाकलेला कसा होता, असे सगळे त्यात होते. यंत्राकडून आलेल्या बहुतेक सबमिशनांत ‘मागणी व पुरवठा’ यापलीकडे काही नव्हते. मी 3 खोडून 9 केले. या दुसऱ्या परीक्षेत सुरक्षितता तसूभरही कमी झाली नव्हती : प्रश्न तोच, समोर मी, हातात मोबाईल नाही. बदलली होती ती फक्त उत्तर बाहेर येण्याची वाट.

हे मी स्टाफरूममध्ये सांगितले तेव्हा रसायनशास्त्राच्या विभागप्रमुख म्हणाल्या, “तुम्ही कलावाले आता हे शोधताय? आमच्या प्रॅक्टिकलला दुसरं काय असतं?” आणि मला माझीच बारावी आठवली. विज्ञान शाखेत जर्नल, म्हणजे प्रयोगांची नोंदवही, असते. ते सिनियरच्या जर्नलवरून उतरवलेले असते हे विद्यार्थ्याला, शिक्षकाला आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकालाही ठाऊक असते, आणि त्यावरून कोणाचे आभाळ कोसळत नाही. जर्नल प्रमाणित झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, ते उतरवताना थोडेफार डोक्यात शिरते, एवढेच त्याचे काम. खरा निकाल लागतो तो ब्युरेटसमोर, म्हणजे थेंब-थेंब द्रव सोडणाऱ्या काचेच्या नळीसमोर. फिनॉल्फ्थॅलीन या रंग बदलणाऱ्या दर्शकाचा फिकट गुलाबी रंग कोणत्या थेंबाला आला, तीन वाचने जुळली का, आणि “हाच दर्शक का घेतलास?” या प्रश्नावर काय उत्तर आले, यावर गुण पडतात. एक भाग खुला, एक भाग राखलेला. जर्नल कोणी लिहिले याची चौकशी करण्यात विज्ञानाच्या शिक्षकांनी आयुष्य घालवले नाही, कारण त्यांना तशी गरज पडावी अशी परीक्षेची रचनाच नव्हती.

त्यांनी पुढे सांगितलेली गोष्ट मला अधिक मोलाची वाटली. त्यांच्या एका विद्यार्थ्याला रंगांधत्व होते. मिथाइल ऑरेंज या दर्शकाचा पिवळ्यावरून नारिंगी-लाल होणारा रंग त्याला ओळखता येत नसे, आणि तो शेजारच्याकडे चोरून पाहून थेंब थांबवत असे. म्हणजे गैरप्रकारच, नियमाच्या भाषेत. मॅडमनी त्याला आम्लता आकड्यात दाखवणारा पीएच मीटर दिला. काहींनी आक्षेप घेतला, की इतरांना नसलेले साधन याला का? मॅडमचे उत्तर असे होते, की मला रंग ओळखण्याची परीक्षा घ्यायची असेल तर मीटर देणे चूक आहे. आम्लाची संहती, म्हणजे द्रावणात ते किती आहे, काढता येते का हे पाहायचे असेल तर मीटर न देणे चूक आहे. नेमके काय मोजायचे आहे हे आधी ठरले, की कोणती मदत चालेल आणि कोणती नाही हे बरेचसे आपोआप ठरते. अर्थशास्त्रात आम्ही ते ठरवतच नाही. ‘10 गुणांचे असाइनमेंट’ एवढेच ठरते.

ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठाने 2025 पासून अधिकृतपणे स्वीकारलेली ‘दोन मार्गिकां’ची पद्धत मला म्हणूनच परकी वाटली नाही. एका मार्गिकेत शिक्षकांच्या समक्ष होणारी, राखलेली मूल्यमापने. दुसरीत खुली कामे, जिथे कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर गृहीतच धरलेला असतो आणि तो चांगला कसा करावा हे शिकवायचे असते. पहिल्या मार्गिकेतील मूल्यमापने थोडी असली तरी चालतात, कारण प्रत्येक गृहपाठ राखण्याची गरज नाही. पदवी पूर्ण होईपर्यंत योग्य टप्प्यांवर खात्री झाली की पुरे. आपल्याकडील काही परिपत्रकांत दिसणारी लाल-पिवळी-हिरवी वर्गवारी, म्हणजे या कामात यंत्र चालेल, त्यात थोडेच चालेल, यात मुळीच नाही, ही मला निव्वळ समजूत वाटते. घरी बसून लिहिणाऱ्याने पिवळा दिवा पाळला की तोडला, हे कोण पाहणार? ऑस्ट्रेलियातल्याच काही संशोधकांनी 2025 मध्ये हाच मुद्दा मांडला आहे, की सूचना बदलून काही होत नाही, रचना बदलावी लागते. प्रामाणिक मुलाचे मात्र त्यात नुकसान होते, कारण दिवा पाळणारा तो एकटाच असतो.

खुली मार्गिकाही सर्वांना सारखी खुली नसते, हे येथे नोंदवायला हवे. 2025 मध्ये एअरटेलने पर्प्लेक्सिटी आणि जिओने जेमिनाय या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकांची सशुल्क आवृत्ती ग्राहकांना फुकट दिल्यामुळे पैशाची दरी काहीशी बुजली. परंतु घरातला एकच मोबाईल रात्री दहानंतर हाती येणाऱ्या मुलीची दरी त्याने बुजत नाही. दुसरीकडे, रिझर्व्ह बँकेचा इंग्रजी अहवाल मराठीत समजावून घेणारी मुलगीही माझ्याच वर्गात आहे, आणि तिला तो याआधी कोणी समजावून दिला नव्हता, मीसुद्धा.

आता माझी पद्धत अशी आहे. 10 पैकी 4 गुण घरच्या कामाला, त्यात काहीही वापरा, पण काय वापरले आणि यंत्राने सांगितलेले काय खोटे निघाले ते शेवटी लिहा. उरलेले 6 गुण वर्गात, स्वतःचे सबमिशन समोर ठेवून, मोबाईलविना, मी त्यावरच काढलेल्या दोन प्रश्नांना. उत्तर बोलून द्यायचे, हाताने लिहून द्यायचे की विभागाच्या इंटरनेट नसलेल्या लॅपटॉपवर टंकून द्यायचे, हे ज्याने त्याने निवडायचे. त्यासाठी प्रमाणपत्र मागत नाही. प्रमाणपत्र मागितले असते तर तो अडखळणारा मुलगा आलाच नसता, कारण अशा मुलांना आपल्याला काही मागण्याचा हक्क आहे हेच ठाऊक नसते. बहुतेकांनी लेखन निवडले. गैरफायदा कोणी कसा घ्यावा, हे मला अजून सुचलेले नाही. मुलांना सुचेल तेव्हा कळेलच.

अडचण आहे ती वेळेची. 86 सबमिशने वाचून प्रत्येकाला वेगळे प्रश्न काढायला मला दोन रविवार लागले. माझी नोकरी कायम आहे. शेजारच्या तुकडीला शिकवणारे सहकारी तासिका तत्त्वावर आहेत, त्यांना मानधन मिळते ते घेतलेल्या तासांचे, प्रश्न काढण्याच्या रविवारांचे नाही. त्यांनी ही पद्धत वापरावी असे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? त्यांच्या तुकडीत अजूनही फुलस्केपवर समास आखून सबमिशने येतात आणि सरळ फाईलला लागतात.

अंध विद्यार्थ्यासाठी मी लॅपटॉपवर एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे मोफत वाचक सॉफ्टवेअर बसवून घेतले आणि आलेखाऐवजी भावांचा तक्ता दिला. तक्ता मी माझ्या मते उत्तम सजवला होता. पाच मिनिटांत त्याने हात वर केला. वरची दोन घरे मी एकत्र जोडल्यामुळे वाचकाला महिना आणि भाव यांचा मेळ लागत नव्हता, ऑक्टोबरचा भाव तो नोव्हेंबरच्या नावाने वाचत होता. मी तिथेच बसून जोडलेली घरे सुटी केली आणि त्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजली. त्याला 6 पैकी 5 मिळाले. विद्यापीठाच्या पेपरला मात्र तो लॅपटॉप चालत नाही. तिथे त्याच्या शेजारी पुन्हा एखादा अकरावीचा मुलगा बसेल, आणि तो त्याला सांगत राहील, की उभ्या अक्षावर किंमत घे, आता डावीकडून उजवीकडे खाली उतरती रेघ काढ.